रंगाला भोक नको

नको? दोरी गुंडाळायची खुंटी नको म्हणता? बरं, मग उतरतो मी स्टुलावरून. नाही, उतरतोच — वीस वर्षं झाली खिडक्यांना ब्लाइंड बसवतोय, मॅडम, आणि वीस वर्षं हेच ऐकतोय, भिंतीला नुकताच रंग दिलाय, भोक पाडू नका. काय तो रंग — काय म्हणालात? हस्तिदंती. हां. हस्तिदंती भिंत, हस्तिदंती ब्लाइंड, त्याच्या दोरीचा हा एवढा मोठा फास खाली लोंबतोय, आणि बरोब्बर त्याच्याखाली बाळाचा पाळणा. वा! मापं घेऊन ठेवायचा म्हटलं तरी मला इतका नेमका जमला नसता. का ठेवलाय तिथं? उजेड येतो म्हणून. माहितीये. सगळ्यांकडे उजेडच येतो.

हसताय काय? दोरी मऊ आहे, तिनं काय होणार — तुम्हीच म्हणालात ना आत्ता? अहो, मऊ असते म्हणूनच तर गळ्याला घट्ट बसते. पोर उभं राहायला लागलं की काय धरतं? हाताला लागेल ते. धरतं, ओढतं, माळ समजून गळ्यात घालतं — आणि पाय सरकला की संपलं. ओरडत नाही ते. तुम्हाला वाटतं ओरडेल, तुम्ही धावत याल. ओरडायला गळा मोकळा लागतो, मॅडम! आणि ‘आमचं लक्ष असतं’ हे मला सांगू नका. मघाशी मी बेल वाजवली, तुम्ही दार उघडलंत, पाणी हवंय का विचारलंत — तेव्हा बाळाकडे कोण बघत होतं? कोणी नाही. तेवढा वेळ पुष्कळ झाला.

शिकलेली माणसं तुम्ही! फोनच्या काचेवर आणखी एक काच लावता, सोफ्याला खोळ घालता, रिमोटचं प्लास्टिक दोन-दोन वर्षं काढत नाही — आणि पोराच्या गळ्याशी आलं की रंग आडवा येतो.

माझा जावई असलाच. इंजिनिअर. नवीन घर, नवीन रंग; पोरगी म्हणाली, बाबा, ब्लाइंड तुम्हीच बसवा. बसवले, चार खिडक्यांना. हा आपला हातात ती बुडबुड्याची लेव्हल घेऊन माझ्या मागं उभा — मला शिकवतोय, मला! मी म्हटलं, जावईबापू, दोरी वर गुंडाळून ठेवायला खुंटी लागते, भोक पाडावं लागेल. तर नाक मुरडलं. राहू द्या म्हणाला. राहू दिलं. नात तेव्हा दीड वर्षाची — ठकू म्हणतो आम्ही तिला. खिडकीला लागून सोफा. एका दुपारी पोरगी नुसती गॅस बंद करायला आत गेली — गॅस बंद करायला कितीसा वेळ लागतो? परत आली तर ठकू सोफ्याच्या कडेला, गुडघे वाकलेले, लांबून वाटावं खेळतेय. ओठ निळे. पोरीनं दोरी दातानं तोडायला बघितली — तुटते कुठली, मी चांगली दोरी वापरतो — मग तिला सुचलं, ठकूला आधी वर उचललं, तेव्हा कुठं फास सैल झाला.

वाचली हो, वाचली. तोंड पाडू नका. शाळेत जाते आता, बडबड करते. पण माझी पोरगी त्या माणसाशी चार वर्षं धड बोललेली नाही. बाबांनी सांगितलं होतं, तुला रंगाचं पडलं होतं — उठता-बसता हेच. आणि तो? तो मान खाली घालून ऐकून घेतो! म्हणतो, सांगितलं असेल बाबांनी, माझंच लक्ष नसेल. असा नेभळट माणूस मी बघितला नाही. अहो, जे कुणी बोललंच नाही, ते ऐकलं नाही म्हणून माफी मागतो —

काय? नाही, म्हणजे... म्हटलं होतं मी. म्हणणार होतो. तो सारखा मागून, बाबा, डावीकडे खाली गेलंय, डावीकडे खाली गेलंय — आणि गेलं होतंच, ते एक आणखी — मला चढला राग. म्हटलं, एवढं सगळं कळतं ना तुला, मग हेही कळू दे. चारी खुंट्या पिशवीत टाकल्या आणि निघालो. मग दवाखान्यात पोरीनं विचारलं, बाबा, तुम्ही याला काही बोलला नव्हता का? सगळे समोर उभे. माझ्या तोंडून निघून गेलं — बोललो होतो, यानं ऐकलं नाही. निघून गेलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी ठकूनं डोळे उघडले, सगळे आनंदात — तेव्हा कसं सांगणार? आणि आता चार वर्षांनी सांगून —

बघताय काय माझ्याकडे? तुमचा काय संबंध? मी ब्लाइंड बसवायला आलोय. पाळणा त्या पलीकडच्या भिंतीला न्या. मी विचारत नाहीये, भोक पाडतोय. बाळाला घ्या, आतल्या खोलीत बसा आणि दार ओढून घ्या.

घ्या म्हटलं ना.