सुरत ते भावनगर, अर्धा तास

आमचे बाबा सुरतच्या गोडादऱ्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. नव्वदीच्या दशकात त्यांच्या शेठचे भावनगरच्या कारखान्यातले नवे माग बंद पडले. माल दुसऱ्याच दिवशी रवाना करायचा होता. मधल्या आखाताला वळसा घालून बसने जायचं तर दहा तास. शेठने बाबांना सरळ विमानात बसवलं. वरून अर्ध्या तासाचं अंतर.

तिथे न्यायला आलेला मॅनेजर बाबांना सोडून एका सुटातल्या माणसाकडे गेला. बाबांनी त्याला हाक मारली, "भाई, सुरतहून मी आलोय."

त्याने त्यांच्या चपलांकडे पाहिलं. "तमे? विमानमां?"

बाबा म्हणाले, "बसने निघालो असतो तर आत्ता सुरतजवळच्या कामरेजलाच असतो. चला, माग दाखवा."

संध्याकाळच्या आत सगळे माग चालू झाले.

घरी आल्यावर आईने मोठ्या कौतुकाने विचारलं, "वरून काय काय दिसलं हो?"

"मी कुठे पाहिलं? डोळे मिटून त्यातला एक माग मनातल्या मनात खोलत होतो. विमान उतरेपर्यंत बिघाड सापडला होता."