अकराखालचा उंदीर

—नाही, आधी तो फोन ठेव. वृद्धाश्रमातल्या बाईंना म्हणावं, मागाहून बोलतो. माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पीत बाबांची खोली तिकडे ठरवतोस, आणि मला एका शब्दानं विचारायचंही नाही? बस दादा. इथं नाही, तिथं, स्क्रीनसमोर. काल बाबा बसले होते तिथंच.

काय बघितलंस तू काल? बाबांना उंदीर पकडता येईना, एवढंच ना? उंदीर म्हणजे ही चांदणी. ती ठिपक्यांत कुठंतरी उमटते, मग आडवी ओळ कितवी आणि उभी कितवी ते आकडे दाबायचे. मीच लिहिलाय खेळ, कॉम्प्युटरच्या त्या सी भाषेत — हसू नकोस, शाळेतली कॉम्प्युटरची खोली झाडता-उघडता शिकले, तुझ्यासारखं कॉलेज नाही झालं माझं — बाबांची दुपार सरावी म्हणून लिहिला. उंदीर पार उजव्या कडेला गेला की बाबा चुकत होते. आणि तू मागे उभा राहून वहिनीला म्हणालास, "संपलं, आता आकडेही कळत नाहीत." हळूच म्हणालास, पण त्यांचे कान शाबूत आहेत रे! रात्री ताटावरून तसेच उठले.

आता तू खेळ. कालचाच आहे. खेळ म्हणते ना! — आला बघ. आडवी ओळ तिसरी, ती मीच दाबते. उभी कितवी? वरचा आकडा बघून सांग. चष्मा लाव हवा तर. — अकरा? दाब अकरा. काय आलं? "निसटला." बारावी होती ती, दादा! आता तुझ्यासाठी कुठं खोली बघू? लावू वहिनीला फोन?

असं कसं म्हणून मला काय विचारतोस? एक ते नऊ एकेका जागेत मावतात, दहापासून दोन जागा लागतात. वरचे आकडे पुढं सरकत गेले, खालचे ठिपके होते तिथंच राहिले, आणि बाराव्या ठिपक्याच्या डोक्यावर अकरा येऊन बसला. बाबांनी जन्मभर काच कापली. वर खूण केली की सरळ खाली उतरायचं, ते हातातच मुरलंय — ते अकराच म्हणणार! मी आधी ठिपक्यांमधली जागा वाढवत बसले, तर डावीकडचं बिघडलं. आज सकाळी उमगलं. आकडा छापायच्या ओळीत नुसतं टक्का-डी होतं, मध्ये तीन घातला. टक्का-तीन-डी. आकडा एकेरी असो की दुहेरी, जागा तीनच, ठिपक्यालाही तीनच. हे बघ. कसे आकड्याखाली मुकाट उभे आहेत! एवढ्याशा तिनासाठी तू जिवंत माणूस घराबाहेर काढायला निघालास. लाज कशी नाही वाटत?

काय? बोलवू? बाबांना? — आत्ता नको. आडवे झालेत. जागे असले म्हणून काय झालं, पडू दे की जरा. — घाबरते? मी? कशाला घाबरू? चूक सापडली, नीट झाली, विषय मिटला. आणि डावीकडं चुकले ते काही — कधी म्हणजे? परवा. चाराच्या जागी सात दाबला. दोनदा. हो, तिथं आकडे सरळच होते. पण तेव्हा त्यांचा पाय ठणकत होता, लक्ष नव्हतं, कुणाचंही होतं असं — ए, हाक मारू नकोस! दादा, नको म्हणते ना!

ऊठ. ऊठ त्या खुर्चीवरून. जा तू, गाडी दारात आडवी लावलीयस, लोकांना जाता येईना.

— काही नाही बाबा, तुम्ही कशाला उठलात? दादा निघालाय. खेळ? — नाही हो, आज नाही. मशीन बिघडलंय.