लोखंडातला कण

साल ब्याऐंशी. अड्याळच्या बसथांब्यावर मधुकरराव नागपूरच्या गाडीची वाट पाहत होते. रांगेत मागे लेकाला पोचवायला आलेल्या बाई बोलू लागल्या, तसा त्यांनी हातातला पेपर दुमडला.

"टेकचंद, तुले ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता ना? मंग सोन्याच्या खाणीत काहून उतरून राहिला?"

"माय, वरून बारीक कणांचा पाऊस पडते. खोल खाणीत तो लय कमी पोचते. म्हणून तिथं लोखंडाचा ढीग रचला. त्यातला एखादा कण आपोआप तुटते का, तेच पाहून राहिलो."

"तुटला?"

"दोन वर्षांत एकही नाही."

"तुटन. मातामायले नारळ कबूल केला आहे मी."

"तुटला तर मोठी गोष्ट. म्हणजे सगळंच कधी ना कधी तुटणार. दगड, लोखंड, तारेसुद्धा."

"आपला तलाव?"

"तोही. पण लय लय वर्षांनी."

"अन् मातामाय?"

"ते बी दगडाचीच ना, माय."

"अन् नाहीच तुटला, तर तुयी डिग्री?"

"तेही लिहता येते. इतके दिवस पाहिलं, तुटला नाही."

गाडी आली. मधुकरराव पायरीवरच थांबले.

"तू बस गाडीत. मले आजच नारळ फोडा लागते."

"कशाचा? काम कुठं झालं अजून?"

"तुटला नाही, त्याचा."