मायचा ताप आणि कापलेली करंगळी

दवाखान्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमच्या हर्सूलच्या घरात कुठलं दुखणं कुठं न्यायचं, हे ठरलेलं होतं. थंडीताप आला की दर्ग्याचा धागा, डोळे पिवळे झाले की पाचोडचा वैदू. सरकारी दवाखान्यात जायचं ते फक्त रक्त निघालं तर. हा कायदा माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आबांचा. निजाम सरकारचे हुकूम एक वेळ बदलतील, आबांचे नाय.

मायला आठ दिवस हुडहुडी भरून ताप येत होता. मनगटावर तीन धागे झाले होते. मी म्हणालो, "आबा, दवाखान्यात हिवतापाचं औषध मिळतं, कोयनेल. तिला नेऊ या."

"शाळा अर्धवट सोडलीस अन् आम्हाला शिकवतोस व्हय? रक्त कुठंय?"

माय अंथरुणातून ऐकत होती. ती उठली, चुलीपाशी गेली आणि विळीवर करंगळी कापून आली. आबांसमोर ती बोलत नसे, म्हणून मला म्हणाली, "दाखव त्यांना रक्त."

आबांनी स्वतः टांगा आणला. डॉक्टरांनी बोट बांधलं आणि मी तापाचं सांगितल्यावर कोयनेलही दिलं. आठवड्यात माय उठली. मला वाटलं, म्हातारा आता तरी शहाणा होईल.

परवा मीच थंडीतापानं कुडकुडत पडलो. म्हणालो, "आबा, टांगा आणा."

"टांगा कशाला?" आबा विळी घेऊनच आले होते. "बोट पुढं कर. तुझ्या मायचा ताप तिथूनच गेला."