चरबीचा पदर

नाई, चहा प्या, बसा निवांत, पन त्या मोबाइलले हात लावू नका, आधीच सांगून ठेवतो! आमचे गुणवंतराव आता बाजेवरून आवाज देतीन, 'या बाई, फोटो पाहून घ्या!' अन् तुम्ही भोळ्या, तुम्हाले वाटन लग्नाचा असन, नातवाचा असन... कायचा नातू? ह्या मानसाच्या पोटातल्या चरबीचा फोटो हाये तो! पिवळी, लिबलिबीत, खाटकाकडं आकड्याले लटकून असते ना, तशी! अन् तोच डीपीले ठेवला हो यानं! फोन आला का मले आधी चरबी दिसते, मंग नाव दिसते. किळस येते व माय, किळस!

तुम्हाले सांगतो, लग्नात हा मानूस असा होता का पँट नुसती बेल्टाच्या भरोशावर उभी राहे. आता बेल्ट पोटाखाली कुठी जाते ते त्यालेच मालूम नाई. उन्हाळ्यात घामोळ्या आल्या का पोटाच्या वळ्या उचलू उचलू पावडर टाकते, अन् तोच डब्बा मंग माह्यापुढं करते, 'घे, तू बी लाव!' मी रोज कारल्याचा रस काढून देल्ला, तं हा जास्वंदीत ओते. झाड वाळलं बिचारं, हा नाई वाळला!

अन् मंग आलं गावातलं नाटक. आपल्या झाडीपट्टीत नाटक म्हनलं का घरोघरी सोयरे, चुलीवर मटनाचे गंज. सकाळपासून ह्याचं पोट दुखून राह्यलं, बेंबीपासून उजवीकडं सरकलं, पन सांगन कोन? सांगतलं तं भागीरथा, म्हंजे मी, मटन बंद करन, वरनाचं पानी देईन! म्हनून दात खाऊन गप. सोयऱ्यायसंग पंगतीत बसला, घाम टपटप भातात पडून राह्यला... मी म्हनलं, 'काऊन जी, काय होते?' तं म्हने, 'काई नाई, तिखट लागलं. नळी वाढ.' नळी! तिकडं अपेंडिक्स फुटून राह्यलं अन् हा इकडं नळी चोखून राह्यला! किळस येते का नाई, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी उरलेलं बी खाल्लं. तिसऱ्या दिवशी मातर आडवा झाला. अंग तव्यावानी तापलं, पोट पाटावानी कडक. गाडीत टाकून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं, तं सगळं मटन रस्त्यात माह्या नव्या पातळावर परत केलं. तिथी रंजीता डॉक्टर, माह्या लेकीच्या, मयुरीच्या वयाची पोर, तिनं पोट दाबलं अन् तोंड उतरलं तिचं. म्हने, 'काकू, फार उशीर केलात. आत्ता काही सांगता येत नाही.' खोटं काऊन सांगू, मी फरशीवरच बसली, अन् रडता रडता मले तेच पोट आठवे.

मंग आपरेशन करून ती बाहेर आली. हसून! 'वाचले काका! पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. अपेंडिक्स फुटलं तसा तो तिकडे चिकटला आणि सगळी घाण गुंडाळून बसला. त्या चरबीत रोगाशी लढणाऱ्या पेशींची वस्तीच असते.' अन् दाखवला त्या पदराचा फोटो, तोच यानं मंग मांगून घेतला. मी देवाचं नाव घेतलं, अन् तिथीच ओकली.

आता ती पोर दोन गोष्टी बोलली हो! दुसरी म्हने, 'पण काका, चरबी फाजील वाढली की ती याच पेशींना विनाकारण भडकवते. शरीर आतल्या आत धुमसत राहतं, जखमाही लवकर भरत नाहीत. वजन उतरवाच.' ह्या मानसानं आयकली एकच! आता जो भेटन त्याले शर्ट वर करून, 'हे पोट नाई, पोलीस चौकी हाये, आतमंधी शिपाई राहते!' काल शेजारची बायनाबाई आली, तिनं बोटानं दाबून पाह्यलं, अन् घरी जाऊन आपल्या काडीवानी नवऱ्याले म्हनते, 'खात जा जरा, तुमच्यापाशी बंदोबस्तच नाई!'

टाके काढाले गेलो तं मी डॉक्टरीनबाईले म्हनलं, सांगा याले. ती म्हने, 'काका, तो पदर सडपातळ माणसालाही असतो!' तं हा म्हनते कसा, 'असन ना जी, पन माहा नऊवारी हाये!' अन् ती पोर हासली, आता हासल्यावर कोनता धाक राह्यते? किळस येते व माय!

पन एक सांगू? दवाखान्यात सलाईनवर पडून होता ना, गाल बसले, पोट उतरलं, पार लग्नातला दिसे. एवढी वर्सं मी देवाले तेच मांगून राह्यली होती, अन् तो तसा दिसला तं मले पाहावलं नाई.

आता दुपारी शर्ट वर करून पसरते बाजेवर. टाक्याचा वन, घामाच्या वळ्या, वरतून माशा बसून राह्यल्या. जाता येता मी थांबतो. पोट वरखाली होऊन राह्यलं का नाई, पाह्यतो. होते. मंग माशा हाकलतो, पदर नाकाले लावतो, अन् पावडरचा डब्बा आनाले जातो.