हिरव्या डब्यावरचा माझा फोटो

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे अधिष्ठाता माननीय सदाशिवराव, प्रमुख पाहुणे विश्वासराव, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी, आणि पुसदजवळच्या तांड्यावरून येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या मोतीयाडी, आपणा सर्वांना जय भीम आणि राम राम.

याडी म्हणजे आई. तांड्यावर सगळे त्यांना तसंच म्हणतात, मीही म्हणते.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. मानपत्रात तर इतकं कौतुक केलंत की ही बाई कोण, अशी मलाच शंका आली. जीवरसायनशास्त्रासारखा रुक्ष विषय शिकवणाऱ्या नेरच्या नलूच्या वाट्याला इतकं प्रेम यावं? आलं खरं. पण शालीसोबत एक हिरवा डबाही दिलात, आणि तुमच्या सगळ्यांच्या खुर्च्यांवरही ठेवलात. मोतीबिंदू विरघळवणाऱ्या गोळ्या. त्यावर माझा फोटो आणि माझ्या अभ्यासातला आलेख. त्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

अभ्यास साधा होता. शरीरात पेशींची झीज थोपवणारी काही विकरं असतात. नावं लांबलचक आहेत, विद्यार्थीसुद्धा परीक्षेपुरतीच पाठ करतात, म्हणून सोडून देते. उतारवयात मोतीबिंदू झालेल्यांच्या रक्तात ही विकरं कमी दिसली, आणि सोबत मधुमेह असेल तर आणखी कमी. एवढंच मला सापडलं. विकरं कमी झाली म्हणून मोतीबिंदू आला का, हेसुद्धा मी ठामपणे सांगू शकत नाही. मग गोळी खाऊन गढूळ भिंग स्वच्छ होतं, असं मी कसं लिहीन? विश्वासराव, आपण मान हलवताय, पण मी लिहिलेलं नाही.

रक्ताचे नमुने मोतीयाडींच्या तांड्यावरचे. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, रूपसिंग यांच्या अंगणात बसून मीच सुई टोचली. त्या तांड्याची एक रीत आहे. दारातून कुणी काही नेलं, की तो काहीतरी घेऊन परत येतो, आणि ते नाकारायचं नसतं. पुढे गोळ्या बनवणाऱ्या विश्वासरावांच्या कंपनीची गाडी हे डबे घेऊन तिथे गेली. तांड्याने काय समजावं? बाईने रक्त नेलं होतं, त्याचं हे परत आलं. मोतीयाडींना मधुमेह. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, ती त्यांनी सोडली आणि गोळ्या खात राहिल्या. मोतीबिंदू पिकून फुगला, डोळ्यातला दाब वाढला आणि उजवा डोळा कायमचा गेला.

अध्यक्षमहोदयांची चिठ्ठी आलीय, आवरतं घ्या म्हणून. घेते, सर.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उद्या आहे. त्यांना तयार करायला मी मागच्या आठवड्यात तांड्यावर गेले होते. चहा पाजला आणि म्हणाल्या, “बाई, एक डोया तुह्या औषधानं गेला. आता दुसरा तुह्या लोकाईच्या सुरीखाली कायले देऊ?” मुलगा पूनमसिंग मध्ये पडला, “याडी, मॅडमनं नाही धाडलं ते.” त्या म्हणाल्या, “मंग फोटू कोनाचा हाय त्याच्यावर?”

डबा चारचौघांत वाटला गेला, तर उत्तरही चारचौघांतच द्यायला हवं. म्हणून मी त्यांना इथे बोलावलं.

तर याडी, हे औषध माझं नाही. फोटो मला न विचारता छापला. मी हरकत घेतली, तेव्हा सांगण्यात आलं की नव्या इमारतीला पाहुण्यांचा पैसा लागलाय, तुमची निवृत्ती तोंडावर आलीय, कशाला वाईटपणा घेता? घेते. मला संताप आलाय, आणि तो या शालीखाली झाकला जाणार नाही. उद्या कोर्टात उभं केलंत तरी हेच बोलेन. खुर्चीवरचे डबे कुणीही घरी नेऊ नका.

सहकाऱ्यांनो, इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. डब्याबद्दलचं मात्र एक अक्षर मी मागे घेणार नाही.

थांबा, मोतीयाडी उठल्यात. मागे ऐकू गेलं नसेल, मीच सांगते. त्या म्हणतात, “सकाळी साखर तपासाचं रगत तू काढशीन, त येतो.”

काढते, याडी. उद्या मी नोकरीत नसेन, तरी मीच काढते.