पिशवीवरचा शब्द

नाही कुठं म्हणून राह्यलो मी, उत्तमसिंग — बसा, उभे काहून? — नागपूरले जाऊ नका असं म्या म्हटलं काय? फक्त इचारतो, तिथं जाऊन करता काय तुमी? शेतकीची माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांचं संमेलन म्हणे. कवीचं संमेलन असते, हे मले ठाऊक आहे. पण बियाण्याच्या पिशवीवर चार ओळी लिहिणाऱ्याले संमेलन कायले पाहिजे? कंपनी इंग्रजीत सूचना धाडते, तुमी त्याची मराठी करता, छापखान्यात देता — झालं. तुमच्या आधी या खुर्चीवर नागोराव होता, तो गेलता मागच्या सालच्या संमेलनाले. म्याच धाडलं. महाराष्ट्र झाला तवापासून इथं एकटाच लिहीत बसे बिचारा, म्हटलं हिंडून येईल. भल्ला मवाळ माणूस, मान वर करून बोलत नव्हता. आला तो वेगळाच होऊन आला. यष्टीतून उतरला तो सरळ इथं, माह्यासमोर, आन म्हणे, पंजाबराव, ‘औषध लावलेले बियाणे’ हे शब्द पिशवीवरून काढा.

काहून? तं तिथं मराठवाड्याकडचा एक लिहिणारा जेवताना त्याच्या बाजूले बसला होता. त्यानंबी हेच शब्द लिहिले होते. त्याच्याकडं एका बाईनं ते किडीच्या औषधानं लाल झालेलं बी धुतलं, दळलं, भाकरी केल्या — औषध लावलेलं आहे, म्हणजे चांगलंच असंल, लेकरांले ताकद येईल, असं समजली ती. एकबी लेकरू वाचलं नाही. सांगता सांगता तो माणूस ताटावरून उठून गेला म्हणे. मंग बाकीचे बोलायले लागले, ज्याच्या त्याच्याकडं अशीच एखादी गोष्ट, कोणीच कोणाले आजवर सांगितली नव्हती. नागोराव म्हणे, मी इथं जन्मभर बसलो असतो तरी मले हे समजलं नसतं. आता ‘विष’ लिहा, मोठ्या अक्षरात, आन कवटीचं चित्र काढा, वाचता येत नाही त्यालेबी समजलं पाहिजे. आता तुमीच सांगा — ‘विष’ लिहिलेली पिशवी कोण घेईल? बाजूच्या दुकानात औषध, आन माह्या दुकानात विष? समजावलं त्याले. ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं उभा राहून बायांले सांगायले लागला, हे खाऊ नका, हे विष होय. मंग ठेवता येते काय असा माणूस? — आता कुठं आहे? मले काय माहीत. त्याची बायको आलती दोनदा इचारायले, इंदूबाई. तिलेबी हेच सांगितलं.

तुमचं तसं नाही. तुमी तेच जुने शब्द ठेवले, बरं केलं. औंदा पाऊस नाही, रेशनच्या दुकानात ज्वारी नाही, लोकाच्या घरात दाणा नाही — आन बी मात्र भल्लं खपून राह्यलं. पेरणीचे दिवस कवाचे गेले, तरी खपून राह्यलं. — म्या कुठं काही म्हटलं? पुढच्या सालासाठी ठेवत असतील. असे काहून पाहता माह्याकडं? परवा एक बाई इचारे, धुतल्यावर हा रंग जाते काय. जाते, म्हटलं. खोटं कायले बोलू? राळेगावकडची होती, तांड्यावरची — सुखीबाई. तुमची काकी लागते म्हणे ना? पिशवीवरचं वाचून घेतलं तिनं कोणाकडून तरी, आन म्हणे, आमच्या उत्तमसिंगनं लिहिलं म्हणजे चांगलंच असंल. घरचीच बाई म्हणून एक पिशवी वरून दिली मी.

उत्तमसिंग? — अहो, नागपूरच्या रजेचा अर्ज तं घेऊन जा, सही करून देतो. — राळेगावची यष्टी गेली आता.